हजेरीपटावरची नावे

लग्नसराईच्या बरोबरीने सध्या शाळासोबत्यांच्या गेट-टुगेदरचीही सराई सुरू झाली आहे. टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, जिकडे पाहावे तिकडे कुठली ना कुठली बॅच एकत्र येते आहे. एकसारख्या टोप्या शिवल्या जातात, थकलेल्या गुरुजींना शाल-श्रीफळ दिले जाते, जेवणात श्रीखंड ठेवायचे की होळगी यावर आठ दिवस आधीपासून वाद रंगतात. शेवटी सगळ्यांचा मिळून एक मोठा फोटो निघतो आणि तो दुसऱ्या दिवशी नात्यागोत्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर पोहोचतो.

वाचकहो, असा फोटो हाती आला तर एक काम करून पाहा. त्यातली डोकी मोजा. बॅच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची असेल तर पुरुष तीस-पस्तीस भरतील, आणि बायका? चार, पाच, फार तर सहा. मग मनाशी विचारा, वर्गात मुली एवढ्याच होत्या का?

आमच्या वर्गात तरी नव्हत्या.

माझी शाळा तिरोडीची. हे नाव आपल्या भागात फारसे कोणी ऐकलेले नसते. लग्न होऊन मी १९८४ साली बेळगावला आले, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक अज्जीने मला एकच प्रश्न विचारला होता, "निम्म तवरमनी यावूर री?" मी "तिरोडी" म्हटले की पुढचा प्रश्न यायचा, "अंदर यल्लि?" म्हणजे कुठे आले ते? नागपूरच्या पुढे, भंडाऱ्याच्या वर, असे हात उंच करून मी सांगत असे. तिरोडी मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. तुमसर रोड स्टेशनवरून एक फाटा उत्तरेकडे जातो. गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग अशी भंडारा जिल्ह्यातली स्टेशने मागे टाकत गाडी राज्याची हद्द ओलांडते आणि तिरोडीला येते. आमच्या लहानपणी ती तिथेच संपायची. पुढे रूळच नव्हते. इंजिन सुटे करून दुसऱ्या टोकाला लावताना पाहणे ही आम्हा मुलांची संध्याकाळची करमणूक होती. आता रूळ कटंगीपर्यंत जोडले गेले आहेत आणि बालाघाटला रेल्वेने जाता येते.

रूळ तिथवर आले ते आमच्यासाठी नव्हे, मँगनीजसाठी. इंग्रजांच्या काळापासून तिथे मँगनीजची खाण आहे. पोलाद बनवायचे तर मँगनीज लागतेच. ते पोलादातला नको असलेला प्राणवायू आणि गंधक आवरते आणि त्याला कणखरपणा देते. १९६२ साली 'मॉईल' ही कंपनी निघाली, १९७७ साली ती पूर्णपणे सरकारची झाली आणि पुढे २०१० साली शेअर बाजारात आली. तिचे मुख्यालय नागपूरला. बालाघाट, भंडारा आणि नागपूर या तीन जिल्ह्यांत तिच्या खाणी पसरलेल्या आहेत. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड विजेरीच्या कोरड्या सेलसाठी वापरले जायचे. त्यामुळे घरातला ट्रान्झिस्टर खरखरू लागला की वडील म्हणायचे, "सेल संपले, डोंगरीची माती संपली." माझे वडील खाणीच्या कचेरीत हिशेबनीस होते. बेळगावचे स्थळ आले तेव्हा कर्नाटकाबद्दल त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे बळ्ळारीकडचे संडूर. तिथेही आपल्यासारखेच मँगनीज निघते आणि तिथले संस्थानिक घोरपडे मराठी, एवढ्या भांडवलावर त्यांनी "मुलूख ओळखीचा आहे" असे आईला पटवून दिले होते!

शाळा खाणीच्या वस्तीपासून थोडी बाजूला होती. गाव एकीकडे, खाणकामगारांच्या चाळी दुसरीकडे, आणि मध्ये मोहाच्या झाडांखालून जाणारी पायवाट. पांढरा सदरा किंवा ब्लाऊज घालून निघावे आणि शाळेत पोहोचेपर्यंत कॉलरवर करड्या-काळ्या धुळीची किनार यावी. सुरुंग उडवायच्या आधी भोंगा व्हायचा. तो झाला की वर्गात शिकवणारे सर बोलायचे थांबत, धप्प असा आवाज येई, खिडकीची तावदाने थरथरत आणि सर तोडलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू करत. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. पाहुणे मात्र दचकत.

वर्गात घरच्या भाषा चार-पाच तरी होत्या. कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या गोंडी, कोणाच्या छत्तीसगढी. आमच्यासारख्यांच्या घरी झाडीकडची मराठी, 'काहून', 'मले', 'तुले' वाली. शाळेची भाषा मात्र एकच, हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. त्या दिवशी मध्ये रेघ आली. भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळ झाली. नेमक्या त्याच दिवशी इकडे बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आले. म्हणजे आमच्या माहेराला आणि सासरला एकाच तारखेने हात लावला आहे. त्या तारखेचे बरे-वाईट मी इथे उगाळत नाही, त्यासाठी या अंकात दुसरी पाने आहेत. मला सांगायचे ते एवढेच की घरात एक भाषा आणि पाटीवर दुसरी हे काय असते, ते या साप्ताहिकाच्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही.

तुमसरला माझे मामा. मामेभावाची 'बालभारती'ची पुस्तके मी सुट्टीत अधाशासारखी वाचून काढायचे, कारण आम्हाला मराठी हा विषयच नव्हता. तो दहावीला बोर्डात बसला, आम्ही अकरावीला. तो 'एसएससी' म्हणायचा, आम्ही 'हायर सेकंडरी'. तो बाईंना 'बाई' म्हणायचा, आम्ही 'बहनजी'. पण दिवाळीनंतर मंडई भरली की सगळे सारखेच. रात्रभर नाटक चाले आणि सकाळी शाळेत निम्मा वर्ग पेंगत असे. डब्यात तांदळाची भाकर आणि लाखोळीची डाळ, मधल्या सुट्टीत चारोळीची फळे नाहीतर जांभळे. त्या जांभळ्या जिभा काढून एकमेकींना दाखवणाऱ्या आम्ही मुली नववीत बारा होतो.

हो, बारा. मुलगे एकतीस, मुली बारा. १९७८ साली अकरावीच्या परीक्षेला बसलो तेव्हा मुली उरल्या चार.

आमच्या बॅचचे गेट-टुगेदर मागच्या जानेवारीत तिरोडीत झाले. भिलाईहून, नागपूरहून, जबलपूरहून मंडळी आली होती. खाणगावातली मुले भिलाईच्या पोलाद कारखान्यात जायची हा ठरलेला रस्ताच होता. खनिज गेले त्याच वाटेने आम्ही गेलो, असे एकजण म्हणाला आणि सगळे हसले. फोटो काढला तेव्हा मोजले. सव्वीस पुरुष आणि तीन बायका. मी, भंडाऱ्याच्या एक निवृत्त नर्स आणि वारासिवनीच्या एक मुख्याध्यापिका. चौथीला अमेरिकेतल्या नातवंडांनी अडकवले होते.

तिथेच ठरले की नववीच्या बाकीच्या आठजणींना शोधायचे. काम मी अंगावर घेतले. मला वाटले होते, हल्ली माणूस शोधणे ते काय, बोटाचे काम. पण बसले तेव्हा कळले की मुलगे सापडण्याचे आणि मुली सापडण्याचे शास्त्रच वेगळे आहे.

मुलाचे सोपे. हजेरीपटावर जे नाव, तेच नोकरीत, तेच निवडणूक यादीत, तेच दाराच्या पाटीवर. गाव सोडले तरी नाव सोडत नाही. मुलीचे तसे नाही. आडनाव जाते, मधले नाव जाते आणि आपल्याकडे पुष्कळ घरांत पहिले नावही जाते. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे. सोहळा गोड असतो, मी नाही म्हणत नाही. पण त्या तांदळात पंधरा वर्षांची एक मुलगी पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात होतो. म्हैसूर राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, बेळगावचे नाव २०१४ साली बेळगावी झाले, ते राजपत्रात छापून आले. उद्या कोणाला शोधायचे झाले तर जुने काय, नवे काय, याची नोंद आहे. आमच्या आठजणींची नोंद कुठे आहे? शाळेच्या दप्तरात जुने नाव आहे आणि सासरच्या रेशनकार्डावर नवे. या दोन कागदांना जोडणारा तिसरा कागदच नाही.

तो तिसरा कागद म्हणजे भाऊ! हे मला चार महिन्यांच्या खटपटीनंतर उमगले. भाऊ असला की बहीण सापडते. त्याचे नाव तेच असते, तो त्याच गावात किंवा जवळपास असतो आणि राखीला ती त्याच्याकडे येत असते. आठपैकी पाचजणी अशाच भावांच्या बोटाला धरून सापडल्या. एक आठ वर्षांपूर्वी वारली असे तिच्या भावानेच सांगितले. दोघींना भाऊ नव्हते. त्या सापडल्या नाहीत.

सापडलेल्या पाचजणींपैकी एकीबद्दल सांगते. तिचे वडील खाणीत ड्रिलवर कामाला होते. नववीत गणितात ती पहिली यायची, मुलांसकट. भूमितीची रायडर फळ्यावर लिहून सर मागे वळायच्या आत तिचा हात वर असे. मी तिच्या शेजारी बसायचे, आणि माझ्या गणिताचे जे काही मार्क आले त्यात तिचा वाटा मोठा आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. वय पंधरा. त्या वेळी कायद्याला ते चालत होते. मुलीचे वय पंधराचे अठरा करणारी दुरुस्ती झाली १९७८ साली, म्हणजे आम्ही चौघी अकरावीला बसलो त्या वर्षी. कायदा दोन वर्षे उशिरा आला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिची जागा रिकामी होती आणि बहनजींनी हजेरी घेताना तिचा नंबर गाळून पुढे वाचले. नववीतल्या मुली रोज काही ना काही कारणाने गळत होत्या, त्यामुळे कोणी विचारलेही नाही.

तिला दिले होते तुमसर तालुक्यातल्या एका खेड्यात. तिरोडीपासून रेल्वेने तासाभराचे अंतर. पण मध्ये राज्याची हद्द. नाव बदलले, आडनाव बदलले, राज्यही बदलले. पुढे गावात अंगणवाडी सुरू झाली तेव्हा तिने सेविकेच्या जागेसाठी अर्ज केला. शिक्षणाचा पुरावा मागितला गेला. तिच्याकडे नववीपर्यंतचा दाखला होता, पण हिंदीतला, दुसऱ्या राज्यातला आणि दुसऱ्याच नावाचा. "ही बाई ती नव्हेच," असे तिथल्या कचेरीत कोणीतरी म्हणाले. प्रतिज्ञापत्र करायचे म्हणजे तालुक्याला जा, वकील गाठा, पैसे मोजा. नवऱ्याने दोन हेलपाटे मारले, तिसऱ्या वेळी पेरणी आली. जागा दुसऱ्या बाईला गेली. तीही गरजूच होती, असे सांगायला ती विसरली नाही.

हे सगळे मला तिनेच फोनवर सांगितले. भावाकडून नंबर मिळाला तेव्हा मी आधी तिच्या आत्ताच्या नावाने हाक मारली. ती "हो, बोला" म्हणाली, कोणी पतसंस्थेचे माणूस असावे अशा सुरात. मग मी तिचे शाळेतले नाव घेतले. पलीकडे शांतता. फोन कट झाला असे वाटून मी "हॅलो, हॅलो" करू लागले. मग आवाज आला, हळू, हिंदीत, हजेरीला द्यायचो तसा.

"सैंतीस. उपस्थित, बहनजी."

सदतीस हा तिचा हजेरीतला नंबर. मी तो केव्हाच विसरले होते. मला माझाही आठवत नाही. मग दोघीही रडलो, हे वेगळे सांगायला नकोच. नंतर म्हणाली, "काहून वो, इतक्या दिसांनी आठवण आली? मले त वाटलं, त्या नावाची बाई आता कोणाच्याच ध्यानात नाही. माय गेली तवापासून त्या नावानं कोणी बोलावलंच नाही."

तिच्या गणिताचे काय झाले, हे मी विचारले. बचत गटाचा हिशेब वीस वर्षे तिच्याकडे होता, एका पैशाची चूक नाही. नातीला भूमिती ती शिकवते. "प्रमेय तेच आहे," म्हणाली, "नाव मराठी असो की हिंदी, त्रिकोणाला का कळते?" शाळेतले नाव लिहू का, असे मी या लेखासाठी तिला विचारले. हसली. "छाप ना. छापलं तरी ते मीच, असं इथं कोणाले समजणार आहे?" तरीही मी ते छापत नाही. पन्नास वर्षांनी हाती आलेली वस्तू लगेच ओट्यावर मांडू नये.

आमच्या गावाचे नावही एकदा असेच हरवले होते. १९३८ साली भूवैज्ञानिकांनी तिरोडीच्या खाणीत सापडलेल्या एका खनिजाला 'टिरोडाइट' हे नाव दिले. शाळेत विज्ञानाचे सर ते छाती फुगवून सांगत. पुढे खनिजांच्या नामकरणाचे नियम बदलले आणि अधिकृत यादीतून हे नाव काढून टाकले गेले. पण भूशास्त्राच्या संदर्भग्रंथात अजूनही 'टिरोडाइट' शोधले तर पूर्वीचे नाव म्हणून ते सापडते आणि पुढे 'अमुक पाहा' असे लिहिलेले असते. दगडासाठी एवढी काळजी घेतली जाते. आईसाठी, आजीसाठी का घेऊ नये?

माझे स्वतःचे नाव वाचले ते माझ्या सासूबाईंमुळे. त्यांचे माहेर गोकाककडचे, बोलणे निम्मे कन्नड. लग्नात ताटात तांदूळ पसरले, भटजींनी नवे नाव विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इद्द हेसर छंद ऐती, याक बदलसोदु?" आहे तेच छान आहे, बदलायचे कशाला? विषय संपला. नवऱ्याने तांदळात माझेच नाव लिहिले. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नव्हते. आज वाटते. सासूबाईंचे स्वतःचे माहेरचे नाव त्यांच्या सासरी बदलले होते. ते कोणते, हे मला त्यांच्या भावाने सांगितले, त्या गेल्यानंतर. मी ते त्यांच्या फोटोच्या मागे लिहून ठेवले आहे, कन्नडमध्येही आणि मराठीतही.

आता काळ बदलतो आहे. लग्नानंतर बायकोने नाव बदललेच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही, आणि पुष्कळ मुली आता बदलत नाहीत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहायचे ठरले आहे. चांगले आहे. पण ज्यांची नावे आधीच तांदळात विरघळली, त्यांच्यासाठी कायदा काही करू शकत नाही. ते काम घरच्यांचे.

म्हणून एवढे करा. आई, सासू, आजी, मावशी, काकू, जी कोणी हयात असेल तिला आजच विचारा, "शाळेत तुझे नाव काय होते? निन्न साली हेसर एन इत्त?" वर्ग कोणता, शेजारी कोण बसायचे, हजेरीतला नंबर कितवा, तेही विचारा. उत्तर फोटोच्या मागे लिहा, दोन्ही लिपींत, कारण पुढची पिढी कोणती वाचील ते आपल्याला ठाऊक नाही. शाळेचा जुना दाखला ट्रंकेत असेल तर तो रद्दीत घालू नका. आणि पुरुषमंडळींना एक विनंती. तुमचे गेट-टुगेदर ठरले की वर्गातल्या मुलींच्या भावांना आधी फोन करा. टोप्यांची ऑर्डर नंतर द्या.

आमच्या यादीतल्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. दोघींचे वडील खाणीत होते, दोघींना भाऊ नव्हता, दोघी १९७५-७६ साली तिरोडीला नववीत होत्या. एकीच्या हनुवटीवर गोंदण होते, दुसरी कबड्डीत पोरांनाही आवरत नसे. या पानाचे वाचक पार पुण्या-मुंबईपासून हुबळी-धारवाडपर्यंत पसरलेले आहेत. तुमच्या घरात, शेजारात, वाड्यात मँगनीजची खाण लहानपणी पाहिलेली साठी ओलांडलेली कोणी बाई असेल, तर तिला हा मजकूर वाचून दाखवा. तिने हजेरीतला नंबर सांगितला तरी पुरे. नाव आम्ही शोधून काढू.